तीनशे रुपयांचा वस्तरा आणि माळ्यावरच्या ट्रंकेतला वस्तरा

ऑनलाइन 'वस्तरा' शोधला की तीन निराळ्या जातींचा माल एकाच पानावर समोर येतो, आणि फसगत तिथूनच सुरू होते. पहिला सलूनमध्ये असतो तो. खाचेत अर्धं ब्लेड सरकवायचं, गिऱ्हाईक उठलं की ब्लेड फेकायचं. शंभर-दोनशे रुपयांत मिळतो आणि त्याच्याबद्दल तक्रार करावी असं फारसं काही नाही. दुसरा खऱ्या वस्तऱ्यासारखा दिसतो. चकचकीत, मूठ लाकडी नाहीतर हाडाच्या रंगाची, पात्यावर वाघ किंवा गरुड कोरलेला, किंमत तीनशे ते सातशे. तिसरा खरोखरच दगडावर पाजवून वापरायचा पोलादी वस्तरा, पण स्वस्तातला. हा बहुतेक वेळा चीनचा असतो आणि हजार-दीड हजाराच्या घरात जातो.

दुसरा घेऊच नका. तिसरा घ्या, पण तो हातात पडतो त्या दिवशी वस्तरा नसतो, वस्तऱ्याचा कच्चा माल असतो. आणि गोव्यात राहत असाल तर या दोन्हींच्या आधी घरातली जुनी ट्रंक खाली काढा. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी पैशाचा हिशेब, कारण "एकदा वस्तरा घेतला की आयुष्यभर ब्लेडचा खर्च नाही" हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असतं. दिवसाआड दाढी धरली तर वर्षाला सुमारे १८० दाढ्या. साध्या दुधारी ब्लेडने चार-पाच दाढ्या होतात, म्हणजे वर्षाला ४० ब्लेडं. ब्लेड तीन ते पाच रुपयांचं धरा: १२० ते २०० रुपये वर्षाचे. आता वस्तऱ्याकडे या. वस्तरा हजाराचा, बरा चामडी पट्टा (दाढीआधी पातं ज्यावर फिरवून धार सरळ करतात तो) सात-आठशेचा, दगड दोन-तीन हजारांचे. पाच हजार सहज उडाले. साध्या ब्लेडच्या तुलनेत ही रक्कम वसूल व्हायला निदान पंचवीस वर्षं जातील. चार-पाच पात्यांची महागडी कार्ट्रिजं वापरत असाल तर हिशेब जरा बरा दिसतो, पण मग साधा दुधारी रेझर घेणं त्याहून शहाणपणाचं. वस्तरा घ्यायचा तो त्या कामाची गोडी आहे म्हणून, किंवा रोजच्या दाढीने मानेवर पुरळ उठतं आणि एकाच धारेने एकदाच फिरवून बघायचंय म्हणून. काटकसर हे कारण टिकत नाही.

तीनशेचा वस्तरा का चालत नाही

वस्तऱ्याचं सगळं गणित त्याच्या पाठीत आहे. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याला तो लागत नाही, कारण पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवून पातं सरकवायचं असतं. पाठ जितकी जाड आणि पातं जितकं रुंद, त्यावरून कोन आपोआप ठरतो. १९ मिलिमीटर रुंद पातं (जुन्या इंची मापात सहा-अष्टमांश) आणि साडेपाच मिलिमीटर जाड पाठ असेल तर धारेचा एकूण कोन साडेसोळा अंशांच्या आसपास येतो. चांगल्या वस्तऱ्यांचा कोन साधारण सोळा ते अठरा अंशांत असतो. त्याहून खाली गेलं की धार कागदासारखी वळते, वर गेलं की केस कापायच्या ऐवजी ओढते.

आता तीनशेचा वस्तरा. तो बहुधा अडीच-तीन मिलिमीटरच्या पत्र्यातून कापलेला असतो. तेवढ्याच रुंदीच्या पात्याला अडीच मिलिमीटरची पाठ म्हणजे कोन होतो जेमतेम साडेसात अंश. या कोनाला कुठलंच पोलाद तग धरत नाही, म्हणून कारखान्यात धारेवर सुरीसारखा आणखी एक आखूड उतार मारून देतात. फोटो मोठा करून बघा: धारेलगत एक-दोन मिलिमीटरचा चमकदार पट्टा वेगळा दिसतो. तो दिसला की समजा, पाठ टेकवून हा कधीच पाजवता येणार नाही. टेकवली तर धार दगडाला लागणारच नाही. त्यात पोलाद मऊ स्टेनलेस. स्टेनलेसला नावं ठेवायचं कारण नाही, उत्तम स्टेनलेस वस्तरेही बनतात. पण रॉकवेल मापाने कडकपणा ६० च्या आसपास लागतो, आणि चमच्याच्या जातीचं पोलाद तिथवर पोहोचत नाही. असा वस्तरा पहिल्या दिवशी हातावरचा केस कापेलही. गालावर चार फटके झाले की धार एका बाजूला लवते आणि त्यानंतर तो दाढी खरवडतो.

ओळखायच्या आणखी खुणा म्हणजे पोलाद कुठलं ते न लिहिता नुसतं 'जपानी स्टील' किंवा 'जर्मन दर्जा' लिहिलेलं असणं, पात्याच्या अंगावर दमास्कसची लाटालाटांची नक्षी, आणि खोक्यात चार बोटं रुंदीचा पट्टा व हिरव्या पेस्टची कांडी फुकट. 'सोलिंगेन' या नावाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट भरवशाची आहे: त्या जर्मन गावाचं नाव १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे, तिथे न बनलेल्या पात्यावर ते घालता येत नाही. म्हणून नकलाकार 'सोलिंगेन स्टाइल' असं काहीतरी लिहून पळवाट काढतात. 'स्टाइल' हा शब्द दिसला की पान बंद करा.

चीनचा स्वस्त वस्तरा

गोल्ड डॉलर हे यातलं सगळ्यांत परिचित नाव आणि त्यातला ६६ नंबर सगळ्यांत जास्त खपणारा. याचं पोलाद कार्बनचं आहे आणि पाणी (तापवून-विझवून आणलेला कडकपणा) बऱ्यापैकी बसलेलं असतं, म्हणजे नीट पाजवला तर धार घेतो आणि धरतोही. खोट आहे ती घासणीत. दोन्ही बाजू सारख्या नसतात, पाठीची जाडी टाचेकडे (पात्याच्या मुठीकडच्या कडेला) एक आणि टोकाकडे दुसरी, आणि टाचेजवळचा जाड खांदा इतका पुढे आलेला असतो की पातं दगडावर ठेवलं की आधी तोच टेकतो. खांदा टेकला की टाचेकडची बोटभर धार अधांतरी राहते. नवशिक्याला वाटतं दगड वाईट आहे, आणि तो आणखी दाबून घासतो.

विकत घेतल्याबरोबर ही तपासणी करा. जाड काचेचा तुकडा घ्या, त्यावर पातं आडवं ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकतील असं. टाचेवर आणि टोकावर आळीपाळीने बोट ठेवा. पातं झोपाळ्यासारखं हललं तर ते पिळलेलं आहे. मग वर्तमानपत्राच्या कागदाची बारीक पट्टी धारेखाली सरकवून बघा, कुठे अडते आणि कुठे मोकळी जाते. किंचित हलणारं पातं चालवून घेता येतं, दगडाच्या कडेवर थोडं तिरकं फिरवून. काच आणि धार यांच्यामधून दाणाभर उजेड दिसत असेल तर परत पाठवा. परत घेण्याची सोय नसलेल्या विक्रेत्याकडून हा माल घ्यायचा नाही तो याचसाठी.

खांद्याचा उपाय सोपा आहे पण हात जपून करायचा. ४०० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दाण्याचं माप, आकडा मोठा तितका दाणा बारीक) डायमंड प्लेटवर, पाण्यात, फक्त खांदा घासून मागे न्यायचा. पाच-सहा मिलिमीटर मागे गेला की पुरे. टाचेचं अणकुचीदार टोकही त्याच वेळी गोल करून घ्या, कानाच्या पाळीला पहिलं तेच लागतं. ग्राइंडरला हात लावू नका. पातळ पोलाद क्षणात तापतं, धारेवर निळसर छटा आली की तिथलं पाणी उतरलं, आणि ते परत चढवणं घरी होत नाही. याच कारणाने सायकलीवर चाक घेऊन फिरणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा द्यायचा नाही. कोयत्याला, आदोळीला (विळीला) त्याचा हात उत्तम. वस्तऱ्याला तो पाठ न टेकवता नुसती धार चाकाला लावणार, आणि वर सांगितलेलं पाठीचं सगळं गणित एका मिनिटात बाद होणार.

दगडावर

लागणारे दगड: १००० ग्रिट, मग ४००० किंवा ५०००, मग ८०००, आणि जमल्यास १२०००. एका बाजूला १००० आणि दुसऱ्या बाजूला ६००० असा जोडदगड मिळतो, तो सुरुवातीला ठीक. त्याच्या वरचं काम क्रोमियम ऑक्साइड (पॉलिशची बारीक हिरवी पूड) लावलेल्या पट्टीवर भागवता येतं. १००० च्या दगडाला स्वस्त पर्याय म्हणजे गाड्यांना रंग मारणारे वापरतात तो वॉटर पेपर. १००० आणि २००० नंबरचा घ्या, काचेवर पाण्याने चिकटवा. यावर मात्र धार पुढे ढकलायची नाही, कागद कापला जातो. पाठ पुढे आणि धार मागे अशी ओढायची. २००० च्या पुढे कागदावर विसंबू नका.

दगड आधी सपाट करा. नवा दगडही सपाट नसतो. पेन्सिलीने त्यावर चौकटी आखा आणि डायमंड प्लेटवर पाण्यात घासा, सगळ्या रेषा एकसारख्या पुसल्या जाईपर्यंत. मधे खोल दगडावर पातं पाजवलं तर त्याची धारही तशीच वाकडी निघते.

पाठीवर विजेच्या कामाची इन्सुलेशन टेप एक पदर लावावी का, यावर वाद आहेत. चिनी वस्तऱ्याला मी म्हणेन लावा. पाठ उगाच झिजत नाही आणि जाडीतला थोडा फरक झाकला जातो. कोन त्याने साधारण एक अंश वाढतो, तेवढा चालतो. दगड बदलला की टेपही बदलायची, नाहीतर आधीच्या दगडाचा खडा टेपमध्ये रुतून पुढच्या दगडावर ओरखडे काढतो.

आता धारेच्या उतारावर मार्कर पेनने काळी शाई फासा. दोन्ही बाजूंना. १००० च्या दगडावर, पाणी भरपूर ठेवून, वजन जेमतेम पात्याचं आणि त्यावर एका बोटाचं, पाच-सहा फेऱ्या मारा आणि थांबून बघा. शाई धारेच्या अगदी कडेपर्यंत पुसली गेली असेल तर कोन बरोबर आहे. मागेच पुसली आणि कडेला काळी रेघ राहिली तर अजून उतार कडेला पोहोचलेला नाही. टाचेकडे काळं राहिलं तर खांदा अजून लागतोय. या एका शाईने जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशाने कळत नाही.

मग एका बाजूला चाळीस छोटी वर्तुळं, दुसऱ्या बाजूला चाळीस, आणि मग वीस सरळ फेऱ्या, धार पुढे ठेवून, पाठीवरून पलटत. पुन्हा तेच. नव्या चिनी वस्तऱ्याला उतार बसायला तासभरही लागू शकतो, त्यात काही बिघडलेलं नाही. परीक्षा हातावरच्या केसांची: कातडीला टेकवून पातं सरकवलं की टाचेपासून टोकापर्यंत प्रत्येक भागाने केस उतरला पाहिजे. मधल्या भागाने उतरतो आणि टोकाने नाही, तर १००० वरचं काम संपलेलं नाही. स्वस्त वस्तरा वाईट म्हणून फेकला जातो त्यातले निम्मे तरी इथे घाई केलेले असतात. लोक ८००० वर जाऊन तासन् तास घासतात. बारीक दगड फक्त आधीचे ओरखडे पुसतो, उतार बसवत नाही.

इथून पुढे काम सोपं आणि हात हलका. ४००० वर तीस-चाळीस फेऱ्या, ८००० वर तीस, १२००० वर वीस. प्रत्येक पायरीवर जोर कमी करत जायचा, शेवटी नुसतं पात्याचं वजन. जोर लावला की दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेलं पातळ पातं लवतं, धार दगडापासून वर उचलली जाते आणि घासला जातो तो मागचा भाग. फेरी संपल्यावर पातं पलटताना पाठ दगडावरच राहिली पाहिजे. पाठ उचलून धारेवर पलटलं की एका क्षणात दहा मिनिटांचं काम वाया. दहा-वीस पट दाखवणारी घड्याळजीची लूप असेल तर धारेकडे वरून, दिव्याखाली बघा. शार्प धार प्रकाश परतवत नाही. कुठे चांदीचा ठिपका चमकला तर तिथे खाच किंवा बोथट भाग आहे.

हे सगळं करायची तयारी नसेल तर चिनी वस्तरा घेऊ नका, एवढं साधं आहे. किंवा पाजवून देणाऱ्याकडून तयार वस्तरा घ्या. त्याचे पाच-सातशे जास्त पडले तरी तो खर्च दगडांपेक्षा कमीच आहे.

ट्रंकेतला वस्तरा

गोव्याची गोष्ट इथे निराळी पडते. १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज राज्य, त्यामुळे युरोपचा माल सरळ यायचा. शिवाय घरटी कोणी ना कोणी तारवटी (बोटीवरचा खलाशी), नाहीतर आफ्रिकेत किंवा मुंबईला. बोटीवरून परतताना आणलेल्या वस्तूंत सोलिंगेनचा किंवा इंग्लंडच्या शेफील्डचा वस्तरा असणं साहजिक होतं. पुढे सेफ्टी रेझरने तो मागे पडला, आणि अनेक घरांत तो माळ्यावरच्या ट्रंकेत, पितळी कुलपांच्या आणि पासपोर्टच्या शेजारी, तसाच पडून आहे. घरात नसला तर पर्यटनाच्या मोसमात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगात, किंवा जुनं फर्निचर विकणाऱ्यांकडे नजर ठेवा. असा वस्तरा, पातं धड असेल तर, कुठल्याही नव्या स्वस्त वस्तऱ्याच्या दहा पायऱ्या पुढे असतो. त्या काळी वस्तरा ही रोजच्या वापराची वस्तू होती आणि घासणारा कारागीर दिवसभर तेच एक काम करायचा.

शेपटाजवळ, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या दांड्यावर, कोरलेलं वाचा. सोलिंगेन, शेफील्ड, फ्रान्सचं तिएर, स्वीडनचं एस्किल्स्तूना, ही नावं दिसली तर पुढे बघायला हरकत नाही. स्पेनच्या 'फिलार्मोनिका'चं पातं मिळालं तर हात मागे घेऊ नका. नुसतं 'जर्मनी' कोरलं असेल तर वस्तरा बहुधा १८९० च्या पुढचा, कारण अमेरिकेच्या त्या वर्षीच्या जकात कायद्यानंतर निर्यातीच्या मालावर देशाचं नाव घालायची रीत पडली. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ नंतरचा.

मग पातं तपासा. लाल गंज घाबरण्यासारखा नाही, तेल आणि २००० च्या वॉटर पेपरने जातो. काळे खड्डे पाठीवर किंवा पोटावर असले तरी चालतील. तेच धारेच्या दोन-तीन मिलिमीटरच्या आत असले तर सोडून द्या. पाजवताना धार जशी मागे सरकेल तसा प्रत्येक खड्डा धारेत एक भोक म्हणून उघडा पडेल. पाठीवर दोन्ही बाजूंना पाजवण्याचा सपाट पट्टा असतो. तो एक-दीड मिलिमीटरचा असेल तर उत्तम, चार मिलिमीटर रुंद झाला असेल तर पातं फार झिजलेलं आहे. धारेची रेघ समोरून बघा: सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली चालेल, मधे आत गेलेली नको. शेवटी पातं पूर्ण उघडून पाठीवर नखाने टिचकी मारा. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसासारखी चीर असायची शक्यता आहे. धारेला काटकोनात जाणारी चीर म्हणजे पातं संपलं, कुणी कितीही आठवणी सांगितल्या तरी.

आणि मूठ हुंगा. हो, हुंगाच. जुन्या मुठींत सेल्युलॉइड फार असे, कासवाच्या पाठीसारखं दिसणारं नाहीतर नकली हस्तिदंत. हे सडायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि मुठीत मिटून ठेवलेलं पातं आतल्या आत गंजतं. उग्र वास, मुठीवर बारीक भेगा, आणि मुठीच्या आतल्या भागासमोरच पात्यावर गंज, अशी तिन्ही चिन्हं जुळली तर मूठ आजच काढून टाका. पातं वाचेल. आपल्या दमट हवेत हा रोग लवकर बळावतो.

साफ करताना चिंच, आमसुलाचं पाणी, लिंबू यांना दूर ठेवा. पितळी समईला ती ठीक, कार्बनच्या पोलादाला ती खातात. उकळत्या पाण्यातही टाकू नका, शिंगाची मूठ पिळते आणि सेल्युलॉइड मऊ पडतं, शिवाय ते सहज पेट घेणारं. साबणाने धुवून सर्जिकल स्पिरिटने पुसलं की पुरे. आजोबांचा असला तरी पुसायचाच. आणि एकदा वापरात आला की तो एकट्याचा, घरातही वाटून घ्यायचा नाही.

धारेवर खड्डे नसलेल्या, कमी झिजलेल्या पात्याला बाजारात हजार-पंधराशे द्यायला मी कचरणार नाही. आधीच बसवलेला उतार असतो, त्यामुळे अनेकदा ४००० पासूनच सुरुवात करता येते.

पट्टा आणि पहिला महिना

पट्टा दोन-अडीच इंच रुंद आणि दीड फूट तरी लांब हवा, गुळगुळीत, रंग न दिलेला. नवशिक्याकडून पहिला पट्टा कापला जातोच, म्हणून तो महागाचा घेऊ नका. सुरुवातीला कालचा पेपर उभ्या घड्या घालून दोन इंच रुंद पट्टी करा आणि टेबलाच्या कडेला टेपने चिकटवा. शाईतल्या काजळीमुळे तो झकास काम देतो. पाठ पुढे, धार मागे, पाठीवर पलटणी. दाढीच्या आधी कापडी पट्टीवर तीस फेऱ्या, चामड्यावर साठ. पट्टा ताणून धरा. सैल पट्टा झोळीसारखा लवतो आणि धारेवरून वळून तिला गोल करतो. हार्डवेअरच्या दुकानातली पॉलिशची हिरवी कांडी पट्ट्याला फासू नका, तिच्यात जाड दाण्याचं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड मिसळलेलं असतं. अर्ध्या मायक्रॉनचं शुद्ध क्रोमियम ऑक्साइड वेगळ्या पट्टीवर लावा आणि आठ-दहा दाढ्यांनंतर दहाच फेऱ्या मारा. एवढ्यावर दगडाकडे जायची वेळ काही महिने तरी येत नाही.

दाढी आंघोळीनंतर, केस ओले आणि मऊ असताना. पातं कातडीला साधारण तीस अंशांवर, म्हणजे पाठीच्या साधारण सव्वा जाडीएवढी फट पाठीखाली ठेवून. दुसऱ्या हाताने कातडी ताणा. खरं काम तोच हात करतो. फटका इंचभरच, केसांच्या वळणाने. पहिले दोन आठवडे फक्त गाल, बाकी नेहमीच्या रेझरने. मग मान, आणि ओठ-हनुवटी सगळ्यांत शेवटी. पातं कधीही आडवं, धारेच्या लांबीच्या दिशेने सरकवू नका, कापलं जातं ते त्यानेच. पातं एकाच जागी खरखरत असेल तर जोर वाढवू नका. आधी कोन कमी करा, तरी ओढलं तर पट्ट्याकडे जा.

हे सगळं नको आणि तरी उघड्या पात्याची दाढी हवी, त्याने शंभराचा सलूनवाला वस्तरा घ्यावा. दुधारी ब्लेड कागदातच मधोमध वाकवून मोडायचं, अर्धं घालायचं. ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड आणि कोपरे टोकदार, म्हणून खऱ्या वस्तऱ्यापेक्षा हा जास्त चावतो आणि चूक माफ करत नाही. यावर हात बसला म्हणून खरा वस्तरा जमेलच असं नाही, हलका हात तेवढा शिकून होतो.

पावसात

कार्बनच्या पोलादाचा गोव्यातला शत्रू जून ते सप्टेंबर. दाढी झाल्यावर गोड्या पाण्याने धुवा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा. टिश्यूने पाठीकडून धारेकडे पुसा, मुठीच्या फटीतलं पाणी कागदाची घडी सरकवून काढा, पट्ट्यावर दहा फेऱ्या मारा आणि तासभर पंख्याखाली उघडा ठेवा. नंतर शिवणयंत्राच्या तेलाचा किंवा औषधाच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब बोटाने पसरवा. खोबरेल अडीनडीला चालतं, पण जुनं झालं की चिकट थर धरतं. न्हाणीघरात वस्तरा ठेवायचाच नाही, आणि चामड्याच्या म्यानात तर नाहीच. चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. पट्ट्यावर बुरशीचे पांढरे ठिपके आले तर सुक्या फडक्याने पुसून सावलीत वाऱ्यावर टांगा, उन्हात नको, चामडं तडकतं.

श्रावणात दाढी न करणाऱ्यांचा वस्तरा नेमका सगळ्यांत दमट महिन्यात पडून राहतो, आणि चतुर्थीच्या तोंडावर डबा उघडला की धारेवर तांबूस रेघ दिसते. म्हणून श्रावण लागायच्या आदल्या दाढीनंतर तेल जरा सढळ हाताने लावा, पातं वर्तमानपत्रात गुंडाळून मुठीपासून वेगळं, उघडंच डब्यात ठेवा, आणि आठवड्यातून एकदा काढून बघा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तेल स्पिरिटने पूर्ण पुसा, नाहीतर ते पट्ट्यात मुरतं. मग कापडावर पन्नास, चामड्यावर शंभर, आणि हातावरचा केस उतरतोय याची खात्री करूनच गालाला लावा.